सगळेच दात गेल्यावर: इम्प्लांटची बत्तिशी समजून घेऊ या

पणजी, म्हापसा, मडगाव, कुठल्याही शहराच्या मुख्य रस्त्याने चालत गेलात तर दातांच्या दवाखान्यांचे फलक दिसतात. ‘एका दिवसात पक्के दात’, ‘कवळीपासून कायमची सुटका’, ‘ऑल ऑन फोर’, ‘ऑल ऑन सिक्स’. घरात आईची किंवा वडिलांची कवळी सैल झालेली असते. परदेशातला मुलगा डिसेंबरात सुट्टीवर येणार असतो. या खेपेला दातांचं काम उरकून टाकायचं असं फोनवरच ठरतं आणि तीन ठिकाणी चौकशी होते. एक डॉक्टर चार इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, सांगतात, दुसरे सहा, तिसरे म्हणतात आधी हाड भरावं लागेल, म्हणजे झिजलेल्या जागी हाडाची भर घालावी लागेल. तिघांचे आकडे वेगळे. गंमत अशी की तिघांचंही म्हणणं बरोबर असू शकतं, आणि घरचे नेमके तिथेच गोंधळतात.

हा गोंधळ कमी व्हावा म्हणून हा लेख. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. या निर्णयात दात ही शेवटची गोष्ट आहे. आधी हाड बघायचं, मग रोजची सफाई कोण आणि कशी करणार ते बघायचं, मग पैसा, आणि त्यानंतर दात. शिवाय एक साधा पर्याय आहे, जो फलकांवर फारसा दिसत नाही. त्याबद्दल पुढे मुद्दाम सविस्तर लिहिलं आहे.

दात गेले की हाडही जातं

जबड्याच्या हाडाचा जो भाग दातांची मुळं धरून ठेवतो, तो दातांसोबतच तयार होतो आणि दातांसाठीच टिकतो. चावताना मुळांमार्फत त्याला सतत दाब मिळत असतो. दात काढला की तो दाब थांबतो आणि शरीर ते हाड हळूहळू मागे घेऊ लागतं. पहिल्या वर्षात ही झीज सगळ्यात वेगाने होते. पुढे तिचा वेग मंदावतो, पण ती थांबत नाही. कवळी वापरणाऱ्या माणसांचा २५ वर्षं मागोवा घेणारा एक गाजलेला अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट आढळली.

म्हणून दहा वर्षांपूर्वी घट्ट बसणारी कवळी आज हलते. कवळी तीच आहे, खालचं हाड बदललं आहे. नाक आणि हनुवटी यांतलं अंतरही कमी होतं, ओठ आत जातात, आणि माणूस वयापेक्षा म्हातारा दिसू लागतो.

वरच्या आणि खालच्या कवळीचं नशीबही सारखं नसतं. वरची कवळी सगळ्या टाळूवर पसरलेली असते. लाळेचा पातळ थर आणि कडेने मिळणारी पकड यामुळे ती बऱ्यापैकी धरून राहते. खालच्या कवळीला टाळू नाही. ती घोड्याच्या नालेसारखी अरुंद पट्टी, मध्ये सतत हलणारी जीभ, बाजूला गालाचे स्नायू, आणि खाली चौपट वेगाने झिजणारं हाड. कवळीच्या तक्रारी ऐकल्यात तर बहुतेक वेळा त्या खालच्या कवळीच्या असतात.

चावण्याची ताकदही फार घटते. पूर्ण कवळी वापरणाऱ्या माणसाला नैसर्गिक दातांच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच जोर लावता येतो. याचा परिणाम ताटात दिसतो. सुका बांगडा सुटतो, भाजलेले काजू सुटतात, चणे, पेरू, काकडी, कडक पोई सगळं हळूहळू बाजूला पडतं. उरते पेज, वरणभात आणि चहात बुडवलेला पाव. घरच्यांना वाटतं, वयामुळे भूक कमी झाली. खरं तर तंतुमय आणि प्रथिनांचं खाणं कमी होऊन मऊ पिठूळ खाणं वाढलेलं असतं, आणि घरात मधुमेह असेल तर त्याचा हिशेब वेगळाच द्यावा लागतो. दात हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे असं मानणाऱ्यांनी महिनाभर आईच्या ताटाकडे नीट बघावं.

धातूचा स्क्रू हाडात टिकतो कसा?

इम्प्लांट म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ. तो टायटॅनियमचा छोटा स्क्रू असतो, साधारण ४ मिलिमीटर जाड आणि १० ते १३ मिलिमीटर लांब. त्यावर एक जोडभाग बसतो आणि त्या जोडभागावर दात. पूर्ण जबड्याच्या कामात दात सुटे नसतात, सगळे मिळून एकसंध असतात. त्या एकसंध पट्टीला ब्रिज म्हणतात.

हाड धातूला स्वीकारतं हा शोध स्वीडनमध्ये लागला. पेर-इंगवार ब्रॉनेमार्क हे संशोधक १९५२ च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवून रक्तप्रवाहाचा अभ्यास करत होते. काम संपल्यावर ते उपकरण निघेना, हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. टायटॅनियमच्या पृष्ठभागावर आपोआप ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो. शरीर त्याला परकं मानून दूर ढकलत नाही, आणि हाडाच्या पेशी थेट त्याला लागून वाढतात. या प्रक्रियेला ‘ऑसिओइंटिग्रेशन’ म्हणतात. पुढे या लेखात आपण ‘हाडाने धरणं’ एवढंच म्हणू. १९६५ साली ब्रॉनेमार्क यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले. तो रुग्ण २००६ साली वारला, तोवर ते इम्प्लांट कामात होते. दंतवैद्यकाच्या मुख्य प्रवाहाने मात्र हे सगळं मानायला १९८२ ची टोरांटोची परिषद यावी लागली.

इथे एक अट फार महत्त्वाची आहे. हाड धरत असतानाच्या काळात स्क्रू हलता कामा नये. सुमारे ०.१५ मिलिमीटरपेक्षा जास्त हालचाल होत राहिली तर हाडाऐवजी भोवती मऊ तंतूंचा थर तयार होतो आणि इम्प्लांट सैल राहतो. फलकावरच्या ‘एका दिवसात’ या शब्दांचा अर्थ लावताना ही अट लक्षात ठेवा.

बारा दातांना चार खांब कसे पुरतात?

लग्नाचा माटव डोळ्यांसमोर आणा. छपराच्या प्रत्येक वाशाखाली खांब नसतो. मोजके खांब योग्य जागी रोवले आणि वरून आडव्या वाशांनी पक्के बांधले की सगळा भार वाटला जातो. ब्रिज हा त्या आडव्या बांधणीसारखा. म्हणून एका जबड्यात १२ च्या आसपास दात देताना चार ते सहा इम्प्लांट पुरतात. खांब कुठे रोवायचे हे अंगणातली जमीन ठरवते, आणि तोंडातली जमीनही सगळीकडे सारखी नाही. खालच्या जबड्याचा पुढचा भाग सगळ्यात कठीण असतो. वरच्या जबड्याची मागची बाजू सगळ्यात भुसभुशीत.

वरच्या मागच्या बाजूला दुसरीही अडचण आहे. तिथे गालाच्या हाडामागे हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. दात गेल्यावर हाड खालून झिजतं आणि सायनस वरून खाली उतरतो. कधी कधी मध्ये फक्त दोन-तीन मिलिमीटर हाड उरतं. खालच्या जबड्याच्या मागच्या बाजूला हाडातून एक नस जाते, जी खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना देते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो.

पूर्वी यावर नेहमीचा उपाय म्हणजे मागे हाड भरणं आणि काही महिने थांबणं. १९९० च्या दशकाच्या शेवटी लिस्बनमध्ये डॉ. पाउलो मालो यांनी वेगळी मांडणी रूढ केली. पुढचे दोन इम्प्लांट सरळ, मागचे दोन ४५ अंशांपर्यंत तिरके. तिरके केल्यामुळे त्यांचं टोक सायनस आणि नस दोन्ही चुकवतं, लांब स्क्रू वापरता येतो, आणि त्याचं डोकं मागे दाढेच्या जवळ निघतं. ‘ऑल ऑन फोर’ ते हेच. कित्येक गोवेकरांचे नातेवाईक आज ज्या शहरात राहतात, तिथे उभी राहिलेली ही पद्धत आता जगभर वापरली जाते.

मग सहा का सांगतात? हाड पुरेसं असेल, विशेषतः वरच्या मऊ जबड्यात, तर सहा खांबांवर भार जास्त वाटला जातो. त्याहून मोठं कारण म्हणजे चारातला एक खांब निकामी झाला तर सगळा ब्रिज धोक्यात येतो. सहातला एक गेला तर बहुतेक वेळा निभावतं. पण खालच्या जबड्यात पुढचं हाड चांगलं असेल तर चार इम्प्लांट नीट टिकतात याचा भरपूर पुरावा आहे. संख्या जास्त म्हणजे काम उत्तम असं समजू नका आणि कमी म्हणजे फसवणूक असंही नाही. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न हा की ‘माझ्या स्कॅनमध्ये असं काय दिसलं म्हणून तुम्ही ही संख्या सांगता?’ स्कॅन म्हणजे सीबीसीटी, जबड्याचं त्रिमितीय चित्र. साध्या एक्स-रेत हाडाची उंची दिसते, जाडी दिसत नाही. तो स्कॅन न करताच पूर्ण जबड्याची योजना आणि किंमत कुणी पक्की सांगत असेल, तर तिथून उठून यावं हे बरं.

वरच्या जबड्यात हाड जवळपास उरलंच नसेल तर गालाच्या हाडात लांब इम्प्लांट बसवण्याची पद्धतही आहे. ती मोठी शस्त्रक्रिया आहे आणि मोजक्या अनुभवी हातांचं काम आहे.

‘एका दिवसात दात’ हे खरं आहे का?

अर्धं खरं आहे. इम्प्लांट बसवल्यावर त्याच दिवशी किंवा दोन-तीन दिवसांत वर दात बसवता येतात. पण ते तात्पुरते दात असतात, बहुधा ॲक्रिलिकचे, म्हणजे कवळीच्या जातीच्या प्लास्टिकचे. हाडाने धरायला खाली साधारण तीन-चार महिने आणि वर सहा महिन्यांपर्यंत लागतात. कायमचा ब्रिज त्यानंतर.

मग तात्पुरते तरी लगेच कसे चालतात, स्क्रू हलता कामा नये म्हटलं ना? स्क्रू बसवताना तो किती घट्ट बसला हे डॉक्टर मोजतात. पकड पुरेशी असेल आणि सगळे स्क्रू ब्रिजने एकमेकांना जखडलेले असतील तर हालचाल मर्यादेत राहते. पकड पुरेशी नसेल तर त्या दिवशी दात बसवायचे नाहीत, हाडाला वेळ द्यायचा. हे आधी शंभर टक्के सांगता येत नाही. ‘जमलं तर लगेच, नाही जमलं तर चार महिने जुनी कवळीच आतून मऊ करून देऊ’ असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मला जास्त भरवशाचा वाटतो.

तात्पुरत्या दातांच्या काळात एक फसवा टप्पा येतो. पहिले काही दिवस सूज असते म्हणून माणूस जपून खातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुखणं गेलेलं असतं, दात मस्त वाटतात, आणि घरात चवथीची नेवरी किंवा लाडू समोर येतो. नेमक्या याच काळात इम्प्लांटची पकड सगळ्यात कमी असते. स्क्रूने सुरुवातीला धरलेलं जुनं हाड विरघळत असतं आणि नवं अजून पुरतं तयार झालेलं नसतं. म्हणून किमान दोन महिने, डॉक्टर सांगतील तर जास्त, मऊच खायचं. पेज, मऊ भात, खतखतें चांगलं शिजवून, काटे काढलेलं नुस्तें, अंडं, पनीर. उपाशी राहायची गरज नाही, प्रथिनं भरपूर हवीत.

परदेशातून सुट्टीवर येणाऱ्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे. पंधरा दिवसांच्या सुट्टीत संपूर्ण काम होत नाही. किमान दोन खेपा लागतात, आणि मधल्या महिन्यांत काही बिघडलं तर बघणारं जवळचं कुणीतरी लागतं. आई गोव्यातच राहणार असेल तर काम तिच्या वेळापत्रकाने होऊ द्या, मुलाच्या विमानाच्या तिकिटाने नको.

फलकावर न दिसणारा पर्याय: दोन इम्प्लांट आणि कवळी

खालच्या कवळीची अडचण काय, तर ती हलते. मग ती हलू नये एवढ्यासाठी खालच्या जबड्याच्या पुढच्या, सगळ्यात कठीण भागात फक्त दोन इम्प्लांट बसवायचे. त्यांच्या डोक्यावर छोटे गोल जोड, आणि कवळीच्या आतल्या बाजूला त्यांना बसणाऱ्या टोप्या. कवळी दाबली की टक्कन बसते. रात्री काढून धुता येते. बोलताना उचलली जात नाही, भजनात आवाज लावला तरी जागची हलत नाही.

२००२ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एक निष्कर्ष मांडला. खालच्या जबड्यात एकही दात नसलेल्या माणसाला साध्या कवळीऐवजी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा. २००९ साली इंग्लंडमधल्या यॉर्कच्या निवेदनाने त्याला दुजोरा दिला. इतकी वर्षं होऊनही आपल्याकडच्या घरांत हा पर्याय ऐकलेला नसतो. साधी कवळी किंवा लाखोंचं काम, अशा दोनच वाटा आहेत असं समजून वृद्ध माणसं वर्षानुवर्षं सैल कवळीशी झगडत बसतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याचे तोटेही सांगायला हवेत. ही कवळीच आहे, तोंडात कायम बसणारे दात नव्हेत. मागच्या बाजूला ती हिरडीवरच टेकते, त्यामुळे तिथलं हाड झिजत राहतं आणि काही वर्षांनी कवळी आतून भरून घ्यावी लागते. टोप्यांमधले नायलॉनचे किंवा रबरी भाग झिजतात आणि ठरावीक काळाने बदलावे लागतात. ते काम मात्र थोड्या वेळाचं आणि थोड्या खर्चाचं असतं. वरच्या जबड्यासाठी दोन पुरत नाहीत. तिथे हाड मऊ असल्याने चार तरी लागतात. पण वरची साधी कवळी बऱ्याच जणांना चालते. वर साधी, खाली दोन इम्प्लांटवरची, ही जोडी सत्तरी ओलांडलेल्या, हात थोडे थरथरणाऱ्या, खर्च जपणाऱ्या माणसासाठी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते.

पन्नास-पंचावन्नचा, हाड चांगलं असलेला, लोकांसमोर उभं राहायचं काम असलेला माणूस पक्क्या ब्रिजचा विचार जरूर करू शकतो. तोंडातून काहीच काढावं लागत नाही, टाळू मोकळा राहतो, सोलकढीची चव पूर्वीसारखी लागते, हे सुख लहान नाही.

‘बाबांचं वय पंच्याहत्तर, आता कशाला?’

वय हे एकटं कारण पुरत नाही. हाड म्हाताऱ्या शरीरातही धरतं. प्रश्न आजारांचा आणि औषधांचा असतो.

पहिला मधुमेह. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. म्हणजे इम्प्लांटचा विचार करणाऱ्या गोव्यातल्या जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न येणार. साखर काबूत असेल तर इम्प्लांट चांगले टिकतात. काबूत नसेल तर जखम भरायला उशीर होतो आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी आधी करायची आणि ती चढी असेल तर दातांचं काम पुढे ढकलायचं.

दुसरं, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून दिली जाणारी औषधं, उदाहरणार्थ ॲलेंड्रोनेटच्या गोळ्या, झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शनं. यांच्यामुळे क्वचित जबड्याचं हाड बरं न होता उघडं पडतं. कर्करोगासाठी मोठ्या मात्रेत घेतली असतील तर धोका बराच जास्त. वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन लोक ‘औषध’ म्हणून सांगायलाच विसरतात. ते सांगा. जबड्याला किरणोपचार झाले असतील तर तेही.

तिसरं, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. त्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. बंद करण्याचा धोका थोड्या रक्तस्रावापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. हृदयाचे आणि दातांचे डॉक्टर आपसात बोलून ठरवतील.

आणि तंबाखू. विडी-सिगारेट हिरडीचा रक्तपुरवठा कमी करते आणि इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढवते. गावाकडच्या वयस्क बायकांमध्ये मशेरीची सवय अजून आहे, आणि ती ‘दात घासायची’ म्हणून कुणी तंबाखूत मोजतही नाही. मशेरी हा भाजलेला तंबाखूच आहे. ती थेट हिरडीवर चोळली जाते, म्हणजे जिथे इम्प्लांट बसणार तिथेच. लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावं.

‘चार दात उरलेत, तेही काढा म्हणतात’

इथे थांबा. कधी उरलेले दात इतके हलत असतात, हिरडीचा आजार इतका पुढे गेलेला असतो, की ते काढणंच योग्य ठरतं. पण वाचवता येण्याजोगे दात ब्रिजची आखणी सोपी व्हावी म्हणून काढले जाऊ नयेत. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती एक पातळ पडदा असतो, जो खडा दाताखाली आला की क्षणात मेंदूला कळवतो. इम्प्लांटला तो पडदा नाही. एकदा काढलेला दात परत येत नाही, आणि इम्प्लांट काही वर्षांनी बसवला तरी चालतो. सगळे दात काढायचा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या. बांबोळीला गोवा दंत महाविद्यालय आहे. कृत्रिम दात बसवण्याच्या शास्त्रातल्या तज्ज्ञांचं मत तिथे विचारता येतं.

‘कीड तर लागत नाही, मग घासायचं कशाला?’

इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरं. पण त्याच्या भोवतीच्या हिरडीला आणि हाडाला जंतुसंसर्ग होतो, आणि तो नैसर्गिक दातापेक्षा गुपचूप वाढतो. बहुतेक वेळा दुखत नाही. हिरडी लाल होते, घासताना रक्त येतं, कधी वास येतो, आणि आत हाड उतरत जातं. याला पेरि-इम्प्लांटायटिस म्हणतात. सुरुवातीला पकडला तर आवरता येतो, उशीर झाला तर इम्प्लांट काढावा लागतो.

पक्क्या ब्रिजच्या खाली, हिरडीच्या फटीत अन्न अडकतं. साधा ब्रश तिथे पोचत नाही. फटीत फिरवायचे छोटे ब्रश, जाड धाग्याचा फ्लॉस किंवा पाण्याचा झोत सोडणारं यंत्र, यातलं काहीतरी रोज वापरावं लागतं. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात तपासणी, आणि गरज पडल्यास ब्रिज स्क्रू काढून उतरवून साफ करणं. आज आई स्वतः करेल. पाच-सात वर्षांनी तिच्या बोटांत ताकद राहिली नाही, किंवा विसरायला झालं, तर कोण करणार? हा प्रश्न दवाखान्यात फारसा निघत नाही, पण घरात निघायला हवा. काढता येणारी कवळी सून किंवा सांभाळणारी बाई नळाखाली धुऊ शकते. पक्का ब्रिज दुसऱ्याच्या तोंडात साफ करणं सोपं नाही.

नीट निवड आणि नीट देखभाल असेल तर दहा वर्षांनंतरही शंभरातले नव्वदहून अधिक इम्प्लांट टिकतात. त्यावरचे दात मात्र तितके निर्धास्त नसतात. ॲक्रिलिकचे दात झिजतात, टवके उडतात. झिरकोनिया, म्हणजे मजबूत सिरॅमिक, फारसं झिजत नाही, पण महाग असतं आणि तडकलं तर दुरुस्ती कठीण. रात्री दात खायची सवय असेल तर झोपताना घालायचं संरक्षक कव्हर लागतं. ‘कायमचे दात’ या शब्दांत हा सगळा खर्च दडलेला असतो.

दुखण्याबद्दल फार लिहायची गरज नाही. बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन काम होतं, सूज दोन-तीन दिवस चढते आणि मग उतरते.

पैशांचा हिशेब कसा विचारायचा

पक्क्या ब्रिजचा खर्च एका जबड्यासाठीही लाखांत जातो. दोन इम्प्लांटवरची कवळी त्याच्या एका हिश्श्यात होते. आपल्याकडचे बहुतेक आरोग्य विमे अपघाताचा अपवाद सोडला तर हा खर्च देत नाहीत, तेव्हा पॉलिसी आधीच वाचून घ्या.

सांगितलेल्या आकड्यात काय काय धरलं आहे हे लिहून मागा. स्कॅन, दात काढणं, हाड भरणं, तात्पुरते दात, कायमचा ब्रिज, तो कशाचा, आणि पहिल्या वर्षाच्या तपासण्या. कित्येकदा स्वस्त वाटणारा आकडा फक्त तात्पुरत्या दातांपर्यंतचा असतो. एखादा इम्प्लांट हाडाने धरलाच नाही तर तो पुन्हा बसवायचे पैसे कोण देणार, हेही आधीच बोलून घ्या. शस्त्रक्रिया कोण करणार आणि दात कोण बसवणार, ते दोघे इथलेच की महिन्यातून एकदा बाहेरून येणारे, हे विचारण्यात काही गैर नाही.

इम्प्लांटच्या कंपनीचं नाव, आकार आणि बॅच क्रमांक असलेलं कार्ड किंवा स्टिकर मागून घ्या आणि घरच्या कागदपत्रांत ठेवा. प्रत्येक कंपनीचे स्क्रू आणि जोडभाग वेगळे असतात. पंधरा वर्षांनी एक छोटा स्क्रू सैल झाला आणि कंपनीच माहीत नसेल, तर किरकोळ काम मोठं होऊन बसतं. एमआरआय करायची वेळ आली तर टायटॅनियमच्या इम्प्लांटमुळे सहसा अडत नाही, पण तिथे विचारतात तेव्हा हे कार्ड उपयोगी पडतं.

पहिल्या भेटीला जाताना जुनी कवळी, चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, एचबीए१सीचा अलीकडचा अहवाल आणि जुने एक्स-रे असतील तर ते सोबत न्या. घरातलं एक माणूस बरोबर असू द्या, पण बोलू द्या ज्याचे दात आहेत त्यालाच: काय खाता येत नाही, कुठे टोचतं, आणि रोज किती साफसफाई झेपेल.